अल्पायुषी टॉकीजचा इतिहास कसा शोधायचा

दोन-तीन वर्षांत बंद पडलेल्या टॉकीजबद्दल काही सापडत नाही, असं मला लोक सांगतात. मला ते पटत नाही. जागा, परवाना, कर्ज, उद्घाटनाची जाहिरात हे सगळं पहिला खेळ लागायच्या आधीच कागदावर आलेलं असतं. टॉकीज नंतर किती चाललं, याने ते कागद कमी होत नाहीत. म्हणून आधी दोन टोकं पकडा: सुरू कधी झालं आणि बंद कधी पडलं. का बंद पडलं, ते शेवटी.

जगातलं पहिलं ड्राइव्ह-इन थिएटर, म्हणजे गाडीत बसूनच सिनेमा बघायचं उघडं थिएटर, असंच अल्पायुषी होतं. रिचर्ड हॉलिंग्सहेडने ते ६ जून १९३३ ला न्यू जर्सीत उघडलं. गाडीचे २५ सेंट, माणशी २५ सेंट. तीनेक वर्षांत कारभार आटोपला. तरी तिथे गाड्या कशा लावायच्या हे आज नेमकं सांगता येतं, कारण त्याने मे १९३३ मध्येच पेटंट मिळवलं होतं. प्रत्येक रांगेत मातीचा उंचवटा, त्यावर गाडीची पुढची चाकं, म्हणजे मागच्या गाडीतल्याला पुढच्या टपावरून पडदा दिसावा. पुढे पेटंटवरून कोर्टकज्जे झाले आणि १९४९ मध्ये अपील कोर्टाने ते रद्द ठरवलं. थिएटर केव्हाच मिटलं होतं, कागद मात्र वाढतच होते.

आणखी एक गोष्ट. सगळे त्या ड्राइव्ह-इनला न्यू जर्सीतल्या कॅम्डेन शहराचं थिएटर म्हणतात, जागा मात्र शेजारच्या पेनसॉकनच्या हद्दीतली. आपल्या नागपुरातही हाच घोळ होतो. व्हरायटी चौक, पंचशील चौक ही नावं टॉकीजवरून पडली, पण सरकारी दप्तरात चौक चालत नाही. तिथे मौजा (महसुली गाव) आणि खसरा (जमिनीच्या तुकड्याचा) नंबर लागतो. तो मिळाला की नगर भूमापन कार्यालयातून आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काढा आणि फेरफार, म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदी, नीट वाचा. टॉकीजवाला आणि जमीनमालक वेगळे असतील, तर भाडेपट्टा कधी संपला ते बघा. बंद पडण्याचं कारण पुष्कळदा तिथेच बसलेलं असतं.

वर्तमानपत्रांसाठी ‘तरुण भारत’ आणि ‘हितवाद’चे जुने बांधीव अंक मागा. रोजचा अंक चाळू नका, शुक्रवार ते शुक्रवार जा. सिनेमाच्या जाहिरातींच्या रकान्यात टॉकीजचं नाव पहिल्यांदा दिसलं की तारीख टिपा. मग महिन्या-महिन्याने पुढे जा आणि नाव गायब झालं की आठवड्या-आठवड्याने मागे या. पण जाहिरात थांबली म्हणजे टॉकीज थांबलं असं लगेच लिहू नका. थकबाकीमुळेही जाहिरात बंद होते. परवान्याचं नूतनीकरण कधीपर्यंत झालं, ते माहितीच्या अधिकारात विचारून ताडून बघा. जुनं टॉकीज असेल तर लक्षात ठेवा, १९५६ पर्यंत नागपूर ही मध्य प्रदेशची राजधानी होती, १९६० पासून आपण महाराष्ट्रात. दप्तरंही तशीच विभागली. सिनेमाच्या धंद्याने मात्र ती हद्द मानली नाही. चित्रपट वितरणात आपण अजून सी.पी. बेरार (जुना मध्य प्रांत आणि वऱ्हाड) सर्किटमध्ये, म्हणजे त्या वितरण विभागात आहोत आणि अमरावतीच्या वितरकांकडे विचारपूस केल्याशिवाय तुमचं काम पुरं होत नाही.

माझे वडील टॉकीजमध्ये ऑपरेटर, म्हणजे प्रोजेक्टर चालवणारे होते, त्यामुळे माणसांना काय विचारावं हे मला घरातच कळलं. साल विचारू नका. ‘‘शोले लागला तेव्हा टॉकीज चालू होतं का?’’ असं विचारा. शोले १९७५ चा, पण प्रिंटा गावोगाव फिरत, म्हणून ‘हो’ म्हणाले तर ‘१९७५ मध्ये किंवा त्यानंतर कधीतरी चालू होतं’ एवढंच घ्या. डोअरकीपर आणि सायकल स्टँडवाला यांना मालकापेक्षा जास्त आठवतं. कुणाकडे फाटकं तिकीट निघालं तर दोन्ही बाजूंचा फोटो काढा. दर, करमणूक कर आणि एकूण, अशी ओळ असते. कराचा आकडा जाहिरातीतल्या दराशी जुळवला की तिकिटाचं वर्ष बरंच जवळ येतं.

आता कारण. ‘टीव्ही आला’ असं लिहून मोकळं होऊ नका. हॉलिंग्सहेडच्या काळात टीव्ही घराघरात नव्हता. त्याला नवे चित्रपट मिळत नव्हते आणि चित्रपटांचं भाडं परवडत नव्हतं. ड्राइव्ह-इनसारख्या उघड्यावरच्या टॉकीजचा हिशोब नागपूरच्या हवेवर करून बघा. मे महिन्यात पावणेसातच्या सुमारास सूर्य मावळतो, पडद्यावर चित्र दिसायला त्यानंतरही थांबावं लागतं. म्हणजे बाराचा, तीनचा आणि सहाचा खेळ गेला. उरला रात्रीचा, फार तर दोन. वर पावसाळ्याचे महिने. छपराखालचं टॉकीज दिवसाला चार खेळ लावतं, हे उघड्यावरचं दोन, आणि दर गाडीला जागाही कितीतरी जास्त लागते. हे गणित कागदावर मांडा, मग ऑपरेटरला विचारा, ‘‘पावसात काय करायचे हो?’’ तो जे सांगेल ते जसंच्या तसं उतरवा.

दोन तारखा जुळल्या नाहीत तर दोन्ही लिहा, कोणती कुठून मिळाली तेही लिहा. एक खोडून टाकली तर पुढच्याला तोच शोध पहिल्यापासून करावा लागतो.