स्कँडिनेव्हियात एकट्याने रेल्वेने फिरताना या चुका टाळा

पाठीवर एक सॅक घेऊन कोपनहेगन, माल्मो, गॉथेनबर्ग, स्टॉकहोम, ऑस्लो आणि बर्गन ही शहरे रेल्वेने पालथी घालण्याचा बेत आखणारी मराठी मंडळी आता पुष्कळ भेटतात. नकाशावर डेन्मार्क, स्वीडन आणि नॉर्वे हे तिन्ही देश एकमेकांना लागून दिसतात, युरोपातील अनेक देशांत चालणारा शेंगेन व्हिसाही एकच लागतो, त्यामुळे रेल्वेही एकच असणार असे गृहीत धरले जाते, आणि बहुतेक चुकांचे मूळ याच समजुतीत असते. प्रत्यक्षात देश तीन, भाषा तीन, चलने तीन आणि रेल्वे चालवणाऱ्या कंपन्या त्याहून अधिक आहेत. एका देशाचा प्रवास संपून दुसऱ्याचा सुरू होतो तिथेच अडचणी उभ्या राहतात, आणि एकट्या प्रवाशाला तिथे सावध करणारे सोबत कोणी नसते.

पहिली चूक घर सोडण्यापूर्वीच होते. ज्या देशाच्या व्हिसा केंद्रात लवकर अपॉइंटमेंट मिळते तिथे अर्ज टाकून द्यावा, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो मानू नये. ज्या देशात सर्वाधिक दिवस राहायचे आहे त्याच देशाकडे अर्ज करावा, आणि दिवस समसमान असतील तर ज्या देशातून प्रथम प्रवेश होणार त्याच्याकडे करावा, असा नियम आहे. कोपनहेगनला तीन, स्टॉकहोमला चार आणि ऑस्लो-बर्गनला मिळून सहा दिवस असतील, तर विमान कोपनहेगनला उतरत असले तरी अर्ज नॉर्वेकडेच जायला हवा. नॉर्वे युरोपीय संघात नाही, पण शेंगेन क्षेत्रात आहे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान ३०,००० युरोंचे वैद्यकीय संरक्षण देणारा प्रवासविमा सोबत जोडावा लागतो.

दुसरा गोंधळ पासाचा, म्हणजे ठरावीक दिवस अनेक देशांच्या गाड्यांतून फिरू देणाऱ्या तिकिटाचा. भारतात राहणाऱ्यांसाठी युरेल पास असतो आणि युरोपात राहणाऱ्यांसाठी इंटररेल. इथे नागरिकत्व पाहिले जात नाही, वास्तव्य पाहिले जाते. त्यामुळे जर्मनीत नोकरी करणाऱ्या पुणेकराने इंटररेल घ्यायचा आणि त्याला भेटायला आलेल्या धाकट्या भावाने युरेल. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, आपल्याकडे कन्फर्म तिकीट हातात आले की बर्थ मिळालीच असे आपण समजतो, तर तिकडे पासाने केवळ प्रवासाचा हक्क मिळतो, आसनाचा नव्हे. कोपनहेगन-स्टॉकहोम मार्गावरील साधारण पाच तासांच्या जलद गाडीला पासधारकानेही वेगळे पैसे भरून आरक्षण घ्यावे लागते, आणि उन्हाळ्यात ही आरक्षणे लवकर संपतात. डेन्मार्क आणि स्वीडनला जोडणारा ओरेसुंड पूल ओलांडणाऱ्या प्रादेशिक गाडीला मात्र आरक्षणाची गरज नसते. कोपनहेगनहून माल्मोला जायला या गाडीने जेमतेम चाळीस मिनिटे लागतात, तेव्हा तेवढ्यासाठी पासाचा एक दिवस खर्ची घालणे हा निव्वळ तोटा आहे. तिथे सुटे तिकीट काढावे. ज्यांच्या तारखा पक्क्या आहेत त्यांनी तर आगाऊ विक्रीच्या स्वस्त तिकिटांची बेरीज करून पाहिल्याशिवाय पास घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. चार-पाच टप्प्यांच्या प्रवासात पुष्कळदा सुटी तिकिटेच स्वस्त पडतात.

मोबाइलवरील पास घेणाऱ्यांनी गाडीत बसण्यापूर्वी अ‍ॅपमध्ये ती गाडी आपल्या सहलीत जोडून त्या दिवसाचा पास सुरू करावा. तिकीट तपासनीस समोर उभा राहिल्यावर ही खटपट करू नये. अ‍ॅपला दर तीन दिवसांत किमान एकदा इंटरनेट मिळावे लागते, हेही ध्यानात असू द्यावे.

मार्ग आखताना नकाशावर सरळ रेघ ओढून भागत नाही. कोपनहेगनहून ऑस्लोला थेट गाडी नाही. गॉथेनबर्गला उतरून गाडी बदलावी लागते. स्टॉकहोमहून हेलसिंकीला रेल्वेने जाऊ म्हणणाऱ्यांनी मध्ये बाल्टिक समुद्र आहे हे पाहावे, आणि उत्तरेकडून वळसा घालायचा म्हटले तरी स्वीडनच्या रुळांची रुंदी १४३५ मिलिमीटर, तर फिनलंडची १५२४, त्यामुळे एकच गाडी पुढे जात नाही. तिथे रात्रीची बोट हाच सोयीचा मार्ग आहे. नॉर्वेतील नार्विकची कथा आणखी वेगळी आहे. हे शहर नॉर्वेच्या उरलेल्या रेल्वेजाळ्याला जोडलेलेच नाही. तिथे रेल्वेने जायचे तर स्वीडनमधून किरुनामार्गे जावे लागते. ट्रॉन्डहेमहून उत्तरेकडे जाणारा ७२९ किलोमीटरचा सुंदर मार्ग बोडो येथे संपतो आणि पुढे बस धरावी लागते.

ऑस्लो-बर्गन मार्ग १९०९ मध्ये सुरू झाला. तो साडेसहा-सात तासांचा आहे, आणि १२२२ मीटर उंचीवरील फिन्से स्थानकाबाहेर जूनमध्येही बर्फ दिसू शकतो, म्हणून उबदार जाकीट सॅकच्या तळाशी न ठेवता वर ठेवावे. याच मार्गावरील मिर्डालहून फ्लोमला उतरणारी सुमारे २० किलोमीटरची प्रसिद्ध गाडी पासात समाविष्ट नाही. पासधारकाला सवलत मिळते, पण तिकीट वेगळे काढावे लागते, आणि पुष्कळांना हे मिर्डालच्या फलाटावर पोहोचल्यावरच कळते.

आता फलाटाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण माझा सगळ्यात मोठा खोळंबा तिथेच झाला. जुलैतील एका संध्याकाळी स्वीडनमधील एका जंक्शनवर मी गाडीची वाट पाहत उभा होतो. फलकावर माझ्या गाडीपुढे लाल अक्षरांत ‘इन्स्टेल्ट’ असा शब्द आला. इंग्रजीच्या अंदाजाने मी समजलो की गाडी लागते आहे. वीस मिनिटे गेली, फलाट रिकामा होत गेला, तेव्हा सायकल घेऊन उभ्या असलेल्या एका आजींनी मला सांगितले की या शब्दाचा अर्थ ‘रद्द’ असा आहे आणि बदली बस स्थानकाच्या पलीकडच्या बाजूने सुटते. मी धावत गेलो तोवर ती बस निघून गेली होती. म्हणून हे शब्द कागदावर लिहून घ्यावेत: रद्दसाठी स्वीडिशमध्ये ‘इन्स्टेल्ट’, नॉर्वेजियनमध्ये ‘इन्स्टिल्ट’ आणि डॅनिशमध्ये ‘अफ्लिस्ट’. उशिरासाठी डॅनिश आणि नॉर्वेजियनमध्ये ‘फोरसिंकेट’, तर स्वीडिशमध्ये ‘फोर्सेनाड’. फलाटाच्या क्रमांकाआधी येणारा ‘स्पोर’ मात्र उच्चाराने तिन्हीकडे जवळपास सारखाच आहे. उन्हाळ्यात रुळांची मोठी कामे निघतात आणि गाडीऐवजी बस मिळते, तेव्हा आदल्या रात्री त्या कंपनीच्या अ‍ॅपवर गाडी तपासून घ्यावी. शहरांची नावेही मूळ भाषेत वाचायला शिकावे, कारण गॉथेनबर्ग फलकावर स्वीडिशमध्ये ‘Göteborg’ (उच्चार ‘योतेबोर्य’) असे दिसते आणि कोपनहेगनचे स्पेलिंग डॅनिशमध्ये एक, तर स्वीडिशमध्ये दुसरे असते.

त्यातच काही गाड्या वाटेत दुभंगतात. ओरेसुंड मार्गावरील गाड्यांचे दोन-तीन संच एकत्र जोडलेले असतात आणि पुढे वेगवेगळ्या शहरांकडे जातात. डेन्मार्कच्या इंटरसिटी गाड्यांचेही तसेच. गाडी बरोबर असूनही डबा चुकीचा असू शकतो. डब्यावरील गंतव्य वाचूनच चढावे आणि बसल्यावर आतील फलकाशी पुन्हा ताडून पाहावे.

एकाच तिकिटावरील पहिली गाडी उशिरा आल्याने जोडगाडी चुकली, तर पुढे पोहोचवण्याची जबाबदारी रेल्वेवर येते. सुटी-सुटी तिकिटे काढली असतील तर तो हक्क उरत नाही. अशा वेळी दोन गाड्यांमध्ये निदान एक तास ठेवावा.

पैशांबाबत, तिन्ही देशांत क्रोन असले तरी ती तीन वेगवेगळी चलने आहेत. डॅनिश नोटा स्वीडनमध्ये चालत नाहीत, आणि स्वीडनमध्ये तर अनेक दुकाने रोख रक्कमच घेत नाहीत. स्विश हे तिथले लोकप्रिय पेमेंट अ‍ॅप स्थानिक बँक खात्याशिवाय वापरता येत नाही, त्यामुळे दोन वेगवेगळ्या बँकांची कार्डे न्यावीत आणि ती दोन ठिकाणी ठेवावीत. कार्ड मशीनने रुपयांत पैसे घेऊ का असे विचारले, तर नेहमी स्थानिक चलन निवडावे; रुपये निवडल्यास विनिमयदर महाग पडतो.

अनेक हॉस्टेलांमध्ये चादर आणि टॉवेलचे वेगळे पैसे पडतात, तेव्हा दोन्ही घरून न्यावेत आणि लॉकरसाठी एक लहान कुलूपही न्यावे. जेवणाचा खर्च हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात भात-डाळ शिजवून पुष्कळ वाचतो. शाकाहारी माणसाला माल्मोतील फलाफल स्वस्तात पोटभर मिळते. नळाचे पाणी पिण्याजोगे असते, बाटली विकत घेऊ नये. नॉर्वेत रविवारी बहुतेक मोठी दुकाने बंद असतात आणि स्वीडनमध्ये जूनच्या उत्तरार्धातील मिडसमर या सणाला पुष्कळ काही बंद असते, म्हणून आदल्या दिवशीच शिधा भरून घ्यावा.

एकट्याने गाडीत बसल्यावर मोठी सॅक दाराजवळच्या रॅकवर आपल्याला दिसेल अशी ठेवावी. पासपोर्ट, कार्डे, औषधे आणि पॉवर बँक मात्र छोट्या पिशवीत अंगावरच असावीत, स्वच्छतागृहात जातानाही. डेन्मार्कहून स्वीडनमध्ये शिरताना पासपोर्ट तपासला जाऊ शकतो आणि रॅकवरच्या सॅकमध्ये तो शोधत बसायला पोलीस वेळ देत नाहीत. आणीबाणीत डेन्मार्क आणि स्वीडनमध्ये ११२ लावावा. नॉर्वेत ११२ पोलिसांचा आणि ११३ रुग्णवाहिकेचा. हे क्रमांक, हॉस्टेलचा पत्ता आणि पुढच्या गाडीची वेळ कागदावर लिहून खिशात ठेवावी, आणि तोच मजकूर रोज सकाळी निघण्यापूर्वी घरी पाठवावा.