मुलीच्या बास्केटबॉलसाठी छोटं कॉलेज निवडताना

अमेरिकेत वाढलेली तुमची लेक शाळेच्या संघात खेळते, तिला कॉलेजातही खेळायचंय, आणि टीव्हीवर दिसणाऱ्या मोठ्या विद्यापीठांकडून बोलावणं येणार नाही हे एव्हाना घरात सगळ्यांना कळलंय. मग डिव्हिजन थ्रीकडे बघा. एनसीएए, म्हणजे कॉलेजांचे खेळ चालवणारी अमेरिकेतली संस्था; तिच्या या गटात चारशेहून जास्त कॉलेजं आहेत, बरीचशी अगदी लहान. तिथला खेळ हलका समजू नका. केंटकीतल्या ट्रान्सिल्व्हेनिया विद्यापीठाने या गटातलं २०२३ चं विजेतेपद एकही सामना न हरता मिळवलं, आणि तिथे विद्यार्थी हजाराच्या आसपास. २०२४ च्या अंतिम फेरीत पोचलेलं स्मिथ हे तर मुलींचंच कॉलेज. व्यायामशिक्षिका सेंडा बेरेनसन यांनी १८९२ मध्ये मुलींना बास्केटबॉल शिकवायला सुरुवात केली ती इथेच.

विषय, अंतर आणि हवामान बघून पंधराएक नावं काढा. खेळाचा तीन-चार मिनिटांचा व्हिडिओ करा. कोचना मेल लेकीने लिहायचा, आईबापांनी नाही.

मग प्रत्येक संघाची मागच्या तीन वर्षांची खेळाडूंची यादी वेबसाइटवरून काढून पेन्सिल घेऊन बसा. पहिल्या वर्षाला आठ मुली आणि शेवटच्या वर्षाला दोनच, असं दर वर्षी दिसलं तर मधल्या मुली गेल्या कुठे, हे विचारायलाच हवं. लेक पॉइंट गार्ड (चेंडू पुढे आणून खेळ रचणारी) असेल आणि तिच्या जागेवर दुसऱ्या वर्षाच्या तिघी असतील, तर पुढची दोन वर्षं बहुतेक बाकावर जातील.

आता जिथे मी स्वतः ठेच खाल्ली ते. थोरलीच्या वेळी एका कोचचा मेल आला: तुझा खेळ आम्हाला फार आवडला, तू आमच्याकडे यावंस. आम्ही हुरळलो. नाशिकला फोन करून आजीला सांगूनही झालं. बाकीच्या कॉलेजांशी बोलणं थांबवलं, अर्ली डिसिजनने, म्हणजे प्रवेश दिलात तर इथेच येऊ अशा बोलीने, अर्ज केला आणि डिसेंबरमध्ये नकार आला. कोच खोटं बोलल्या नव्हत्या, त्यांना ती खरंच हवी होती. पण प्रवेश कोच देत नाहीत, ॲडमिशन ऑफिस देतं. आणि पैशांचं तिसरंच ऑफिस ठरवतं. ही तीन दारं वेगळी आहेत हे मला त्या डिसेंबरपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. लेक दोन दिवस खोलीतून बाहेर आली नाही.

म्हणून अकरावी संपली की उन्हाळ्यात लेकीने कोचना सरळ विचारावं, ‘माझं प्री-रीड कराल का?’ प्री-रीड म्हणजे तिची गुणपत्रिका आणि बारावीत घेतलेले विषय ॲडमिशन ऑफिसने अर्जाआधीच बघून अंदाज देणं. बरीच कॉलेजं हे जुलैपासून करतात. उत्तर आलं की पुढचे प्रश्न: ॲडमिशन ऑफिसपुढे तुम्ही माझ्यासाठी शब्द टाकणार का? यंदा असा शब्द किती मुलींसाठी टाकता येतो, आणि त्यात मी कितवी? असं विचारणं उद्धटपणाचं आहे, असं आपल्याकडच्या आयांना वाटतं. मलाही वाटायचं. पण कोचना या प्रश्नांची सवय असते, आणि ज्यांना मुलगी खरोखर हवी असते त्या आकड्यासकट उत्तर देतात. ‘बघू, अर्ज तर कर’ असं उत्तर आलं तर त्याला नकार समजा आणि दुसऱ्या कॉलेजाशी बोलणं चालू ठेवा.

अर्ली डिसिजन बांधून घेतं. प्रवेश मिळाला की बाकीचे अर्ज मागे घ्यावे लागतात, म्हणजे वेगवेगळ्या कॉलेजांच्या आर्थिक मदतीचे आकडे शेजारी ठेवून तोलता येत नाहीत. डिव्हिजन थ्रीत खेळासाठी शिष्यवृत्ती नसतेच. ती मिळवून देतो म्हणणाऱ्या सल्लागाराला एक डॉलरही देऊ नका. मदत मिळते ती गुणांवर किंवा घरच्या उत्पन्नावर. कॉलेजच्या वेबसाइटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर असतो, मदत वजा जाता घरातून किती पैसे जातील याचा अंदाज देणारा; त्यात खरे आकडे भरून बघा आणि मगच सही करा. लेक एच-फोर व्हिसावर (आई किंवा वडलांच्या एच-वन व्हिसामुळे मिळणाऱ्या) असेल तर अमेरिकेच्या केंद्र सरकारची मदत मिळत नाही आणि त्या कॅल्क्युलेटरचा आकडाही तिला लागू पडेल असं नाही. कॉलेज स्वतःच्या निधीतून काय देईल, ते फायनान्शियल एड ऑफिसकडून लेखी घ्या.

शेवटी एक रात्र तिला संघातल्या मुलींबरोबर राहू द्या. तुम्ही सराव बघा, आणि नजर बाकावर ठेवा. धाकटीच्या वेळी एका ठिकाणी बाकावरच्या मुली प्रत्येक बास्केटला उभ्या राहत होत्या, आणि गुडघा दुखावलेली एक जण कुबड्या टेकत पाण्याच्या बाटल्या पुढे करत होती. कोच तिच्याशी थांबून बोलल्या. परतताना गाडीत धाकटी म्हणाली, ‘आई, इथे मी एकही मॅच नाही खेळले तरी राहीन.’ ते कॉलेज आम्ही घेतलं.

ठरलं की त्याच दिवशी बाकीच्या कोचना लेकीने स्वतः फोन करून कळवावं. त्यांच्या यादीत तिच्या मागची मुलगी त्या जागेसाठी थांबलेली असते.