कट्टे, क्विंटल, रुपये: तिन्हींसाठी बेरीज-सरासरीचं एकच फंक्शन

लातूरच्या मोंढ्यातली, म्हणजे धान्यबाजारातली, सोयाबीनची पट्टी बघा. कट्टे (पोती) पूर्णांकात, वजन क्विंटलमध्ये दशांशासह, रक्कम पैशापर्यंत चोख. एका आडतीचा हिशेब सी शार्प या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिताना मी इंट (पूर्णांक), डबल (अंदाजे दशांश) आणि डेसिमल (चोख दशांश) या तीन संख्या-प्रकारांसाठी बेरजेचं फंक्शन तीनदा लिहिलं होतं. एकात चूक सुधारली की उरलेल्या दोन्हींत ती तशीच राहायची.

आधी एका प्रकारासाठी चालणारं फंक्शन लिहा. मग त्यात संख्येवर नेमकं काय काय होतं ते बघा. बेरजेला अधिक आणि सुरुवातीचा शून्य, एवढंच लागतं.

आता इंटच्या जागी टी लिहा, म्हणजे कुठल्याही प्रकाराची जागा धरणारं नाव (टाइप पॅरामीटर), आणि टी हा ‘आयनंबर’ असावा अशी अट घाला; आयनंबर हा संख्या-प्रकारांचा सामाईक इंटरफेस, म्हणजे प्रकाराला काय काय जमलं पाहिजे याची यादी. सी शार्प ज्यावर चालतो त्या डॉट नेटच्या 2022 मधल्या आवृत्ती 7 पासून ही सोय आहे. त्याआधी अधिक-उणे ही चिन्हं इंटरफेसमध्ये मागताच येत नसत. शून्यही थेट लिहू नका, ‘टी डॉट झीरो’ घ्या.

खरी मेख बेरीज कशात साठवायची यात आहे. समजा रक्कम पैशांत, इंटमध्ये ठेवली. इंटची हद्द 2,14,74,83,647, म्हणजे जेमतेम 2 कोटी 14 लाख रुपये. 4,500 च्या भावाने 4,800 क्विंटल माल गेला की 2 कोटी 16 लाख होतात, आणि सी शार्प मुकाट्याने उणे 2 कोटी 13 लाख दाखवतो. म्हणून बेरीज ‘चेक्ड’मध्ये करा, म्हणजे हद्द ओलांडताच एरर येईल. त्याहून चांगलं म्हणजे उत्तरासाठी दुसरा टाइप पॅरामीटर घ्या, म्हणजे तिथे मोठ्या हद्दीचा प्रकार देता येईल, आणि प्रत्येक आकडा ‘क्रिएटचेक्ड’ने (हद्द तपासून प्रकार बदलणाऱ्या फंक्शनने) त्यात बदलून मगच मिळवा.

सरासरीलाही हाच दुसरा प्रकार कामी येतो. 7, 8 आणि 10 कट्ट्यांची सरासरी इंटमध्ये 8 येते, डेसिमलमध्ये 8.33 च्या पुढे. पैशांसाठी मात्र डबल नकोच: त्यात 0.1 आणि 0.2 मिळून 0.30000000000000004 होतात.

शेवटी तिन्ही प्रकारांवर चाचणी घ्या, रिकाम्या यादीसकट. रिकाम्या यादीत बेरीजही शून्य आणि आकड्यांची संख्याही शून्य; शून्याला शून्याने भागलं की इंट आणि डेसिमल एरर देतात, डबल मात्र गुपचूप ‘नॅन’ (‘ही संख्याच नाही’ अशी खूण) देऊन पुढे जातो. तेव्हा भागाकाराआधीच यादी तपासा; मोंढा बंद असला की त्या दिवशीची यादी रिकामीच येते.