ब्रेस्ट पंप घ्यायचाय? आधी कंपासपेटीतली पट्टी काढा

माझी २६ आठवड्यांची रजा संपत आली तेव्हा मी रात्री दोन वाजता बाळाला मांडीवर घेऊन मोबाईलवर पंप बघत बसायचे, आणि जो सगळ्यात जास्त विकला गेलाय तोच मागवून टाकला. सासूबाईंनी डबा उघडून बघितला आणि म्हणाल्या, "यंत्रानं म्हशीचं काढतेत, बाईचं काढतेत व्हय?" तेव्हा हसले. पण पहिल्या आठवड्यात २० मिनिटं लावून जेमतेम २५ मिली निघालं, वर निप्पल लालबुंद, तेव्हा मलाच वाटायला लागलं की म्हातारी बरोबर बोलली. घरात लगेच दूध आटलं, दूध आटलं सुरू झालं, आळीवाची खीर, डिंकाचे लाडू, शतावरी सगळं आलं. दूध आटलंच नव्हतं. पंपाची छातीला लावायची वाटी चुकीच्या मापाची होती, एवढंच. म्हणून हे लिहितेय, कारण दुकानात हे कुणी सांगत नाही.

आधी हे बघा की तुम्हाला पंप लागतोय का. घरीच आहात, बाळ अंगावर नीट पितंय, वजन वाढतंय, तर नाही घेतला तरी चालतं. महिन्यातून एकदा दोन तास लग्नाला जायचं किंवा छाती भरून दगड झालीय, एवढ्यासाठी हात पुरे. अंगठा वर आणि बोटं खाली, निप्पलपासून साधारण इंचभर मागे धरायचं, आधी छातीच्या बाजूला आत दाबायचं, मग बोटं जवळ आणायची, सोडायचं, परत. कातडीवरून बोट घासायचं नाही, निप्पल ओढायचं तर अजिबात नाही. पहिल्या दोन-तीन दिवसांतला चीक तर हातानेच चांगला निघतो, तो घट्ट आणि थेंब-थेंब असतो, पंपाच्या वाटीलाच चिकटून अर्धा वाया जातो. बाळ काचेच्या पेटीत असेल, अंगावर घेताच येत नसेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा पहिल्या काही तासांतच काढायला सुरुवात करावी लागते आणि दिवसरात्र मिळून आठ वेळा तरी. तिथे तुमच्या सिस्टर सांगतील तसं करा, माझ्यावर जाऊ नका.

आता पंपाचे प्रकार. हाताने दाबायचा असतो तो स्वस्त, आवाज नाही, लाईट नको, प्रवासाला मस्त, पण रोज दोनदा म्हटलं की मनगट कामातून जातं. इलेक्ट्रिकमध्ये सिंगल म्हणजे एका वेळी एक बाजू आणि डबल म्हणजे दोन्ही. रोज आठ-नऊ तास बाहेर असाल तर डबलच घ्या, अर्धा वेळ वाचतो आणि ऑफिसात वेळच तर नसतो. कपड्याच्या आत बसणारे वेअरेबल पण आलेत, दिसायला भारी, पण बहुतेक महाग आणि धुवायला बारीक पार्ट जास्त, पहिला पंप म्हणून मी तरी सांगणार नाही. आणि तो रबरी फुगा दाबायचा जुना भोंगा, मेडिकलमध्ये अजून शंभर-दीडशेला देतात, तो घेऊच नका. ओढ किती बसेल यावर ताबाच नाही आणि फुग्याच्या आत दूध जाऊन साठतं ते धुताच येत नाही.

आपल्याकडे उन्हाळ्यात लाईट कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून बॅटरीवाला किंवा पॉवरबँकवर चालणाराच बघा. दुसरं म्हणजे क्लोज्ड सिस्टिम आहे का विचारा, म्हणजे दूध नळीतून मोटरमध्ये जाऊ नये म्हणून मध्ये पडदा असतो. तिसरी गोष्ट, मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, वाटी आणि व्हॉल्व्ह, म्हणजे ओढ धरणारं छोटं रबर, सुटे मिळतात का? मेडेला, फिलिप्स एव्हेंट, लव्हलॅप, कुठलाही घ्या, पण सुटे पार्ट मिळत नसतील तर फाटलेल्या दहा पैशाच्या रबरासाठी पूर्ण पंप टाकून द्यावा लागतो. सोलापुरात असाल तर नवी पेठेत दोन-तीन दुकानं फिरून हातात धरून बघा, आवाज ऐका, मग पाहिजे तर ऑनलाईन घ्या.

आता पट्टी. पंपाची जी फनेलसारखी वाटी असते, फ्लँज म्हणतात, तिच्या नळीचा व्यास मिमीमध्ये लिहिलेला असतो. डब्यात बहुतेक २४ मिमीचीच येते, जणू सगळ्या बायका एकाच साच्यातून काढल्यात. मुलांच्या कंपासपेटीतली पट्टी घ्या आणि फक्त निप्पलची बुडाशी रुंदी मोजा, भोवतालचा काळा भाग धरायचा नाही, आणि दूध काढायच्या आधी मोजा कारण नंतर सूज असते. त्यात दोन-तीन मिमी मिळवा, ते तुमचं साधारण माप. माझं १५ आलं, म्हणजे मला १७ ची वाटी पाहिजे होती आणि मी २४ मध्ये भोवतालचं सगळं ओढून घेत बसले होते. नवीन पंप घ्यायची पण गरज पडली नाही, सिलिकॉनचं इन्सर्ट मिळतं ते २४ च्या वाटीत बसवलं, त्याच दिवशी दुखायचं थांबलं आणि दोन दिवसांत दुधाचा आकडा दुप्पट. दोन्ही बाजूंचं माप वेगळं निघू शकतं, घाबरू नका. बरोबर बसली की नाही कसं ओळखायचं, तर निप्पल नळीत मोकळं पुढेमागे होतं, भिंतीला घासत नाही, आणि काळा भाग फारसा आत ओढला जात नाही. नंतर निप्पल पांढरं पडत असेल, चिरा पडत असतील तर माप चुकलंय.

लावायची पद्धत. हात धुवा, पाणी प्या, कोमट पाण्यात पंचा पिळून दोन मिनिटं ठेवा, हलका मसाज करा. बहुतेक इलेक्ट्रिक पंपात दोन मोड असतात, पहिला भरभर आणि हलका, बाळ सुरुवातीला चुटुचुटु ओढतं ना तसा, त्याने पान्हा फुटतो. दूध धारेनं यायला लागलं की दुसरा मोड, सावकाश आणि खोल ओढ. जोर वाढवला की दूध जास्त येतं हा गैरसमज आहे, दुखायला लागलं की अंग आखडतं आणि पान्हा उलट थांबतो. सहन होतं तिथपर्यंत नाही, आरामात वाटतं तिथपर्यंतच. १५-२० मिनिटं बास. बाटलीकडे टक लावून बसू नका, मी बाटलीवर पायमोजा घालायचे, खोटं नाही सांगत, आणि बाळाचा व्हिडिओ बघायचे, पान्हा लवकर यायचा.

किती निघायला पाहिजे? बाळाने पिऊन झाल्यावर लगेच काढलं तर दोन्ही मिळून १५ ते ६० मिली नॉर्मल आहे, एका फीडच्या ऐवजी काढलं तर ६० ते १२०. इन्स्टावर फ्रीज भरून पाकिटं दाखवतात तिकडे बघूच नका. आणि बाळ पंपापेक्षा चांगलं ओढतं, त्यामुळे बाटलीतला आकडा म्हणजे तुमचं एकूण दूध नव्हे. फक्त दुधावर असलेलं बाळ दिवसभरात साधारण ७५० मिली पितं, म्हणजे बाहेर असाल त्या दर तासाला ३० मिलीचा हिशोब धरा. नऊ तासांना २७० झालं, ९० च्या तीन बाटल्या. सहा महिन्यांनंतर पेज, नाचणी सत्व सुरू झालं की थोडं कमीच लागतं. कामावर जायच्या दोन-तीन आठवडे आधी सुरू करा, सकाळचं पहिलं पाजून झाल्यावर तासाभराने एकदा, सकाळी दूध जास्त असतं. साठा करायच्या नादात दिवसात पाच-सहा वेळा जादा काढत बसलात तर अंगाला वाटतं जुळी आहेत, दूध जास्त बनतं आणि मग गाठी, ठणका. एखादी जागा लाल झाली, ताप, थंडी वाजतेय तर घरचा शेक घेत बसू नका, डॉक्टरकडे जा, आणि बाळाला पाजणं बंद करू नका.

धुण्याचं आपल्या सोलापुरात वेगळंच दुखणं आहे, पाणी काही दिवसाआड आणि बोअरचं असेल तर जड. दुधाला लागलेले पार्ट प्रत्येक वेळी आधी साध्या पाण्याने खळखळून, मग साबण आणि गरम पाण्याने धुवायचे, सिंकमध्ये नाही, त्यासाठी वेगळं पातेलं आणि वेगळा ब्रश ठेवा. दिवसातून एकदा पाच मिनिटं उकळा. बोअरच्या पाण्यात उकळलं तर पार्टवर पांढरी खर धरते, तीच खर व्हॉल्व्हच्या चिरेत बसली की ओढ कमी होते, म्हणून उकळायला फिल्टरचं पाणी घ्या. स्वच्छ कपड्यावर हवेत वाळू द्या, पुसू नका. नळी धुवायची नाही, आत वाफ दिसली तर नुसता पंप दोन मिनिटं चालू ठेवा. दोन सेट ठेवले तर पाण्याची वाट बघायला लागत नाही. आणि एक दिवस अचानक दूध कमी आलं तर मनाला लावून घ्यायच्या आधी व्हॉल्व्ह बदलून बघा, ते रबर सैल पडतं, दहातल्या आठ वेळा तेच असतं, माझा अनुभव.

साठवणं. काढलेलं दूध खोलीत चार तास चालतं असं सगळीकडे लिहिलेलं असतं, पण ते २५ डिग्रीच्या खोलीसाठी. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये बाहेर ४२ आणि पत्र्याच्या घरात आत पण तेवढंच, त्यामुळे चार तास विसरा, काढलं की फ्रीज. फ्रीजमध्ये चार दिवस, आतल्या कोपऱ्यात, दारात नाही. वेगळ्या दाराच्या फ्रीजरमध्ये सहा महिने, एकाच दाराच्या फ्रीजमधल्या छोट्या बर्फाच्या खान्यात दोन आठवड्यांच्या वर नको. ताजं कोमट दूध थंड दुधात ओतायचं नाही, आधी गार करा मग मिसळा. ६० ते १०० मिलीची छोटी पाकिटं करा, तारीख टाका. लाईट गेली आणि वितळलं तर परत गोठवायचं नाही, फ्रीजमध्ये ठेवून २४ तासांत संपवा. वर सायीचा थर येतो ते नासलेलं नसतं, हलकं फिरवलं की मिसळतं. गरम करायला गॅस नको, मायक्रोवेव्ह तर नकोच, वाटीतल्या कोमट पाण्यात बाटली धरा. बाळाने तोंड लावलेलं उरलं तर दोन तासांत संपवा, नाहीतर ओतून द्या, जीव तुटतो माहितीये.

बाटलीच पाहिजे असं नाही. आमच्याकडे सासूबाईंनी माळ्यावरचं चांदीचं बोंडलं काढलं, नवऱ्याला त्यातनंच पाजलं होतं म्हणे, उकळून घेतलं आणि पहिल्याच दिवशी पोरगी त्यातून प्यायली. मी समोर असले की मात्र तोंड फिरवायची, म्हणून सराव करताना आईने दुसऱ्या खोलीत जायचं.

ऑफिसचं सांगायचं तर मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत दिवसात दोन जादा ब्रेक कायद्याने मिळतात, हे आमच्या साहेबांना मीच सांगितलं. खोली नव्हती, रेकॉर्डच्या कपाटांमागे खुर्ची टाकून बसायचे, साडेअकराला आणि तीनला. जेवणाच्या डब्याची जाड पिशवी आणि चार आईस पॅक, दूध २४ तास टिकतं त्यात, होटगी रोडवरून उन्हात स्कूटीवर आणलं तरी. हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला गेले तेव्हा हातपंप नेला, चार तासांत एकदा काढायलाच लागतं. चादर आपल्या गावची असली म्हणून मे महिन्यात पांघरून बसवत नाही हो, सुती ओढणी न्या.

बंद करताना एकदम बंद करू नका, चार-पाच दिवसांनी एक वेळ कमी करत जा.

परवा धाकट्या जावेने माझा पंप मागितला, तिला सातवा चालू आहे. नाही म्हटलं, बहुतेक पंप एकाच बाईने वापरायचे म्हणून बनवलेले असतात, नळीतून आत काय गेलंय कुणाला दिसतंय. थोडी फुगली. पट्टी मात्र दिली.