स्कोन वातड, चपटे, तिरके का होतात? या चुका टाळा

स्कोन म्हणजे ब्रिटिश लोक दुपारच्या चहाबरोबर खातात तो छोटा, भुसभुशीत, फुगलेला पाव. त्याच्या सामानाची यादी बघितली तर हसू येतं. मैदा, बेकिंग पावडर, बटर, साखर, दूध, चिमूटभर मीठ. अंडंसुद्धा लागत नाही. यीस्ट नाही, तासन्‌तास पीठ फुगायची वाट बघणं नाही, अर्ध्या-पाऊण तासात काम आटोपतं. तरीही घरोघरी पहिल्या खेपेला जे बाहेर येतं ते बिस्किट आणि पाव यांच्या मधलं काहीतरी असतं. यात कृतीचा दोष क्वचितच असतो. आपले हात पोळीच्या कणकेवर तयार झालेले असतात आणि स्कोनला नेमक्या त्या सवयी चालत नाहीत, हे खरं कारण.

आधी प्रमाण सांगते, म्हणजे पुढचं बोलणं सोपं जाईल. 250 ग्रॅम मैदा, 3 सपाट चमचे बेकिंग पावडर, पाव चमचा मीठ, 60 ग्रॅम थंड बटर, 30 ग्रॅम बारीक साखर आणि साधारण 150 मिली थंड दूध. चमचा म्हणजे मापाचा, 5 मिलीचा. पोह्यांचा चमचा नव्हे. बटर खारं, पिवळं असेल तर वेगळं मीठ घालू नका. हे ब्रिटिश पद्धतीचं प्रमाण आहे. इंटरनेटवर दिसणारे त्रिकोणी, वरून साखरेचा पाक ओतलेले स्कोन अमेरिकी. त्यात बटर, साखर जास्त आणि बहुधा अंडं किंवा क्रीम असतं. एका व्हिडिओतलं पीठ आणि दुसऱ्यातलं दूध असा मेळ घातला की गणित तिथेच फसतं. कपाच्या मापाचंही तेच. दाबून भरलेला एक कप मैदा 150 ग्रॅमच्या आसपास जातो, चमच्याने हलका भरलेला 120-125 वर थांबतो. चार-पाचशे रुपयांचा वजनकाटा घ्या आणि या कटकटीतून सुटा.

पीठ मळू नका

मैद्यात दूध पडलं आणि हात फिरू लागले की ग्लुटेनचं, म्हणजे मैद्यातल्या चिवट प्रथिनांचं, जाळं तयार होतं. पोळीसाठी आपण कणीक तिंबतो, झाकून ठेवतो, पुन्हा मळतो, कारण पोळी ताणली गेली पाहिजे, फाटता कामा नये. स्कोन मात्र हाताने सहज तुटला पाहिजे. तिंबलेल्या पिठाचा स्कोन भट्टीतून येताना देखणा दिसेल, पण दाताखाली वातड लागेल आणि थंड झाल्यावर तर खाववणार नाही.

म्हणून दूध घालताना हात बाजूला ठेवा. कोरड्या मिश्रणात मध्यभागी खळगा करा, दोनेक चमचे मागे ठेवून बाकीचं दूध एकदम ओता आणि जेवणाच्या साध्या सुरीने कालवा. थोडं थोडं दूध घालत बसलात तर तितका वेळ पीठ ढवळलं जातं. कोरडं पीठ दिसेनासं झालं की थांबा. गोळा ओबडधोबड, थोडा चिकट आणि दिसायला अर्धवट राहिल्यासारखा असेल. इथेच हात शिवशिवतात. पीठ चिकटतंय म्हणून मूठभर मैदा टाकायचा मोह होतो, आणि त्या मूठभर मैद्याने स्कोन कोरडाठक होतो. पीठ हवं तर ओट्यावर भुरभुरवा, गोळ्यात नको. तीन-चार वेळा हलक्या हाताने दुमडून एकत्र आणलं की झालं. पृष्ठभाग तुळतुळीत दिसायला लागला तर समजा, आधीच जास्त झालं.

बटर म्हणजे मोहन नव्हे

शंकरपाळे, करंज्या करणाऱ्या हातांना मोहनाची खूण पाठ असते. कडकडीत तूप घालून पीठ चोळायचं आणि मुठीत दाबल्यावर मुटका वळला की मोहन बरोबर. स्कोनला इथे उलटा नियम. बटर फ्रीजमधून काढलेलं, थंडगार, लहान तुकडे केलेलं हवं. बोटांच्या फक्त टोकांनी ते मैद्यात चोळायचं, तळहात लावायचा नाही, कारण तळहात गरम असतो. मिश्रण जाड्या रव्यासारखं, मोकळं दिसलं की पुरे. मुटका घट्ट वळायला लागला म्हणजे बटर वितळून मैद्यात मुरलं, आणि मग स्कोन हलका न होता खाऱ्या बिस्किटासारखा ठिसूळ होतो.

थंडपणाचा एवढा आग्रह का? बटरचे बारीक कण पिठात घट्ट राहिले तर ते ओव्हनच्या उष्णतेत वितळतात, त्यातल्या पाण्याची वाफ होते, आणि त्या जागी पोकळ्या राहून पोत भुसभुशीत होतो. इंग्लंडमधल्या ओट्यावर बटर पंधरा मिनिटं ठेवलं तरी फारसं बिघडत नाही. मे महिन्यात मुंबईच्या किंवा रत्नागिरीच्या स्वयंपाकघरात पाच मिनिटांत त्याचा लपका होतो. अशा दिवसांत बटरचा तुकडा अर्धा तास फ्रीझरमध्ये टाका आणि जाड किसणीवर सरळ मैद्यात किसा. मैद्याचं भांडंही फ्रीजमध्ये ठेवता आलं तर उत्तम. पंखा बंद करा असं मात्र मी सांगणार नाही.

सोडा, पावडर आणि एक जुना डबा

ब्रिटिश कृतींमध्ये बहुधा ‘सेल्फ-रेझिंग’ पीठ लिहिलेलं असतं. ते म्हणजे बेकिंग पावडर आधीच मिसळलेला मैदा. ब्रिस्टलच्या हेन्री जोन्सने 1845 मध्ये त्याचं पेटंट घेतलं. बेकिंग पावडरही तेव्हा नवीनच होती. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्डने ती 1843 मध्ये केली, असं म्हणतात बायकोला यीस्ट सोसत नव्हतं म्हणून. आपल्याकडे असं पीठ सहजी मिळत नाही. ते लिहिलेलं असताना साधा मैदा घेतला तर स्कोन बसकाच राहणार. वर दिलेल्या प्रमाणात ती सोय केलेली आहे.

दुसरी चूक खायच्या सोड्याची. सोडा आणि बेकिंग पावडर एकमेकांच्या जागी चालत नाहीत. सोड्याला आंबटपणा लागतो. नुसत्या दुधात तो पुरता खर्ची पडत नाही आणि स्कोनला साबणासारखी चव येते, आत पिवळट-तपकिरी ठिपके दिसतात. दुधाऐवजी ताक वापरणार असाल तर पाव चमचा सोडा घालून बेकिंग पावडर एक चमचाभर कमी करा. ताकाचे स्कोन खरोखर चांगले होतात, मऊ राहतात आणि किंचित आंबूस लागतात.

मग पावडरचा डबा बघा. गेल्या नाताळाच्या केकपासून उघडाच असेल तर पावसाळ्याच्या दमट हवेने त्यातली अर्धी ताकद गेलेली असते. अर्धा चमचा पावडर गरम पाण्यात टाका. जोरात फसफसली तर वापरा, दोन-चार बुडबुडे येऊन शांत झाली तर फेका. ओलं झाल्याबरोबर पावडर काम सुरू करते, म्हणून पीठ भिजवून फोनवर गप्पा मारू नयेत. ओव्हन आधी तापवा, दूध नंतर ओता.

लाटणं नको, वाटी नको

स्कोन चपटे झाल्याची तक्रार येते तेव्हा मी पहिल्यांदा विचारते, पीठ किती जाड थापलं होतं? उत्तर बहुतेक वेळा बोटभर, म्हणजे एक-सव्वा सेंटीमीटर असतं. पोळपाट समोर आला की हात आपोआप पातळ लाटतो. स्कोनचं पीठ अडीच सेंटीमीटर जाड हवं, आणि लाटण्यापेक्षा तळहाताने थापलेलं बरं. भट्टीत जाताना जो उंच, तोच उंच बाहेर येतो.

कापायला आपण वाटी घेतो किंवा पेला. त्यांचा काठ जाड आणि बोथट असतो. तो पीठ कापत नाही, दाबतो. कडा खाली चिमटली जाते आणि फुगायची वाट बंद होते. पातळ पत्र्याचा 5 सेंटीमीटरचा गोल साचा मैद्यात बुडवून सरळ खाली दाबा आणि सरळ वर उचला. फिरवू नका. फिरवलं की एक बाजू चिकटून बसते, दुसरी वर येते आणि स्कोन टोपी कलल्यासारखा तिरका होतो. साचा नसेल तर धारदार सुरीने चौकोनी तुकडे करा, चवीत काडीचा फरक पडत नाही. उरलेल्या कडा एकदाच जुळवून पुन्हा थापा. ते स्कोन जरा वेडेवाकडे होतील. ते करणाऱ्याने ओव्हनपाशीच खाऊन टाकायचे.

ट्रेमध्ये ठेवताना तुकडे उलटे करा, खालची सपाट बाजू वर येते. एकमेकांना जेमतेम खेटून ठेवले तर आधाराने वर चढतात आणि बाजू मऊ राहतात. वरून दूध किंवा फेटलेलं अंडं लावायचं ते फक्त माथ्यावर. ओघळ कडेवरून खाली गेला तर तिथे पीठ चिकटून वाढ अडते.

ओव्हन गार, स्कोन ठार

तापमान 220 अंश, वेळ 12 ते 15 मिनिटं. सुरुवातीला जोराची आच मिळाली नाही तर बटर वितळून पसरतं आणि स्कोन फुगण्याआधीच वाळतो. घरगुती ओटीजीचा, म्हणजे ओव्हन-टोस्टर-ग्रिलरचा, दिवा विझला म्हणजे आतलं तापमान खरंच 220 झालं, असं समजू नका. किमान पंधरा-वीस मिनिटं वरखाली दोन्ही कॉइल लावून तापवा. तीनशे-चारशे रुपयांचा ओव्हन थर्मामीटर आत टांगला की कळतं, बरेच ओटीजी आकड्यापेक्षा वीस-तीस अंशांनी मागे किंवा पुढे असतात. पंख्याचा मोड असेल तर 200 पुरे.

माथा करपला आणि पोट कच्चं राहिलं, तर ट्रे वरच्या कॉइलच्या फार जवळ आहे. एक खाच खाली घ्या. तळ काळा पडत असेल तर त्याखाली आणखी एक ट्रे ठेवा. पांढरेफटक राहिले तर आच कमी पडली. पहिली दहा मिनिटं दार उघडून बघू नका.

ओव्हनच नसेल तर? स्कॉटलंडमध्ये स्कोन आधी लोखंडी तव्यावरच होत होते. पीठ सव्वा सेंटीमीटर थापून, जाड बिडाच्या तव्यावर मंद आचेवर, झाकण ठेवून दोन्ही बाजूंनी पाच-सहा मिनिटं भाजा. हे चपटेच असतात आणि चपटेच असायला हवेत.

कणकेचे होतील का, हा प्रश्न येतोच. पूर्ण कणकेचे दडस होतात. पाव हिस्सा कणीक, बाकी मैदा आणि दूध थोडं वाढवून करून बघा. मनुके घालायचे तर भिजवून नीट पुसून, 50-60 ग्रॅमच्या वर नको.

साय आणि जॅम

दुपारच्या चहाबरोबरचा स्कोन क्लॉटेड क्रीम (सायीसारखं घट्ट क्रीम) आणि स्ट्रॉबेरी जॅमसोबत खातात. डेव्हन आणि कॉर्नवॉल हे इंग्लंडमधले शेजारी परगणे. डेव्हनमध्ये आधी क्रीम, वर जॅम. कॉर्नवॉलमध्ये आधी जॅम, वर क्रीम. आणि या मुद्द्यावर तिथली माणसं गमतीने का होईना भांडतात. कॉर्नवॉलच्या क्लॉटेड क्रीममध्ये किमान 55 टक्के स्निग्धांश असतो. आपल्या टेट्रापॅकमधल्या फ्रेश क्रीममध्ये तो साधारण 25 टक्के असतो, त्यामुळे ते कितीही फेटलं तरी घट्ट होत नाही आणि स्कोनवरून पातळ होऊन ओघळतं. तिथे वेळ घालवू नका. म्हशीचं दूध मंद आचेवर तापवून, न हलवता रात्रभर फ्रीजमध्ये ठेवलं की वर जी जाड साय धरते, ती दोन-तीन दिवसांची जमवून हलकेच फेटा. अगदी तेच नव्हे, पण जवळचं आहे. साखर घालू नका, गोडवा जॅमचा पुरतो. जॅम महाबळेश्वर-पाचगणीकडचा, फळांच्या फोडी दिसणारा असेल तर मजा. थरथरणारा मिक्स्ड फ्रूट जॅम मुलांच्या ब्रेडलाच बरा.

स्कोन सुरीने कापू नका. नीट फुगलेल्या स्कोनच्या पोटावर आडवी भेग असते, तिथून हाताने उघडा. ते त्याच दिवशी खायचे असतात. दुसऱ्या दिवशी 160 अंशांवर पाच मिनिटं गरम केले तर चालतात, मायक्रोवेव्हमध्ये मात्र चिवट होतात. पाहुणे चारला येणार असतील तर सकाळीच कापलेले कच्चे तुकडे ट्रेसकट फ्रीझरमध्ये ठेवा आणि साडेतीनला तसेच गोठलेले, न वितळवता, तापलेल्या ओव्हनमध्ये सरकवा. फक्त चार-पाच मिनिटं जास्त द्या.