डुकराचं धडधाकट पिल्लू अचानक मेलं, तर खाद्याचा वास घ्या

दूध तोडून तीन आठवडे झाले होते. आदल्या संध्याकाळी सगळ्यांना ढकलून खाद्यावर तुटून पडलेलं, कळपातलं सगळ्यात भरलेलं पिल्लू सकाळी मरून पडलेलं. डॉक्टरांनी छाती उघडली तेव्हा मी शेजारीच होतो. हृदयाभोवतीची पिशवी पिवळसर पाण्याने तट्ट फुगलेली, पाण्यात पांढरट धागे, आणि हृदयावर लालजांभळे डाग इतके दाट की पिकलेली तुतीच. या रोगाला म्हणतातच ‘मलबेरी हार्ट’.

कारण खाद्यात होतं. भराभर वाढणाऱ्या पिल्लाच्या पेशींच्या आवरणातली चरबीही तेलासारखी खवट होऊ शकते. तसं होणं जीवनसत्त्व ई थोपवतं. सेलेनियम हे खनिज ज्या एन्झाइमला लागतं, ते एन्झाइम तयार झालेली विषारी द्रव्यं निकामी करतं. दोन्ही कमी पडली की हृदय, यकृत नाहीतर मांड्यांचे स्नायू जातात. आणि सेलेनियम पुरेसं असूनही ई कमी पडल्याने पिल्लं मरतात, म्हणून एकावर भागत नाही.

सुरुवात पिंपापासून करा. मूठभर खाद्य तळहातावर चोळून नाकाशी धरा. जुन्या तेलाचा किंवा रंगाचा वास आला तर ते डुकरांना घालू नका. माझा मका ओलसर साठवलेला होता, भरडाही बरेच दिवसांचा. ओल्या धान्यातलं आणि भरडून ठेवलेल्या दाण्यातलं ई झपाट्याने उडतं. आता मी मका सुकवून ठेवतो आणि आठवड्यापुरताच भरडतो. माशांचं तेल किंवा मासळीचा टाकाऊ माल घालत असाल तर ई वाढवावंच लागतं, नाहीतर अंगातली चरबी पिवळी पडून सुजते. एक गैरसमज मलाही होता, की ई मिसळलं म्हणजे पिंपातलं तेल खवट होत नाही. पण खाद्यात मिसळतो ते ई बहुधा ॲसिटेट रूपातलं असतं, ते जनावराच्या पोटात गेल्यावर काम करतं. पिंपातलं तेल खवट होणं ते थांबवत नाही.

प्रमाण: अमेरिकेच्या एनआरसीच्या (नॅशनल रिसर्च कौन्सिल) 2012 च्या तक्त्यात किलोभर खाद्यामागे गाभण आणि दूध पाजणाऱ्या मादीला 44 आययू (आंतरराष्ट्रीय एकक), दूध तोडलेल्या पिल्लाला 16 आययू ई सांगितलंय. ही किमान गरज समजा. मादीला कमी देऊ नका, कारण गर्भात ई फारसं पोचत नाही, पिल्लाला ते चिकातून आणि दुधातूनच मिळतं. अशा कमतरतेच्या पिल्लांना लोहाचं इंजेक्शन दिलं तर काही तासांत दगावू शकतात.

सेलेनियम मात्र हाताने मोजू नका. किलोमागे 0.3 मिलिग्रॅम, म्हणजे टनभर खाद्यात एक ग्रॅमच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी! किलोमागे 5 मिलिग्रॅमच्या पुढे ते विष ठरतं: केस गळतात, खूर सुटतात, मागचे पाय लुळे पडतात. तयार प्रिमिक्सच (जीवनसत्त्वं-खनिजं आधीच मोजून मिसळलेली पूड) घ्या; आधी पाच किलो भरड्यात, मग पन्नास किलोत, मग सगळ्यात मिसळा.

एक पिल्लू गेलं की त्याच्या भावंडांना त्याच दिवशी डॉक्टरांकडून ई-सेलेनियमचं इंजेक्शन द्या आणि मेलेल्या पिल्लाच्या यकृताचा तुकडा तपासणीला पाठवा. ताप, कातडीवर लाल चट्टे, नाकातोंडातून रक्त किंवा एकदम बरीच जनावरं आजारी असं काही दिसलं, तर मेलेलं जनावर स्वतः फाडू नका. तो साथीचा रोग असू शकतो.