घरच्या मसाल्याच्या दुकानाचा इतिहास काढायचाय? मग आधी जुने कागद बघा

खानदेशात जुन्या मसालेवाल्याकडे "दुकान कधीचं?" विचारलं की बाप एक साल सांगतो, काका दुसरं, आणि पाटीवर तिसरंच असतं. म्हणून आधी माणसांना विचारू नका, आधी माळ्यावरचं गाठोडं खाली उतरवा.

किर्द (रोजच्या हिशोबाची वही), खतावणी (खातेवार हिशोबाची वही), बिलबुकं, रेल्वेच्या बिल्ट्या (माल पाठवल्याच्या पावत्या), काहीही फेकू नका. तारखेचा कोपरा बहुतेक वेळा उंदराने खाल्लेला असतो, चालतंय. हिशोब आणे-पैत असेल तर कागद साधारण १९५७ च्या आधीचा (सवयीने पुढेही काही जण आणेच लिहायचे म्हणून 'साधारण'), 'नये पैसे' असेल तर १९५७ ते ६४, आणि शेर-छटाक ही जुनी वजनं दिसली तर बहुतेक साठच्या आसपासचा किंवा त्याआधीचा. पत्ता तर नक्की वाचा. 'पूर्व खानदेश' छापलंय म्हणजे जिल्ह्याचे दोन तुकडे झाले त्या १९०६ नंतरचं आणि १९६० च्या आधीचं, कारण १९६० पासून तो जळगाव जिल्हा झाला. नंदुरबारच्या मिरचीवाल्याच्या बिलावर 'जि. धुळे' असेल तर ते १९९८ च्या आधीचं, तेव्हा नंदुरबार वेगळा जिल्हा नव्हताच.

वहीवर विक्रम संवत असेल तर इंग्रजी साल काढायला दिवाळी पाडव्यापासून डिसेंबरपर्यंत ५७ वजा करा, जानेवारीपासून पुढच्या दिवाळीपर्यंत ५६. बरेच जण सरसकट ५७ करतात आणि मग दुकान एक वर्षाने म्हातारं होतं 😄 अक्षर मोडी निघालं तर धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळात चौकशी करा.

कॉफी विकत असतील तर बिल्ट्या जास्तच नीट बघा. आपल्याकडे चहाचं राज्य, कॉफीची बी दक्षिणेतून यायची, त्यामुळे माल कुठून निघाला ते स्टेशनच्या नावावरून कळतं.

आता माणसं. मोठ्या मायला समोर बसवून मोबाईल धरला तर ती "काय सांगू बाई" म्हणून गप्प होते, त्यापेक्षा काळा मसाला भाजायला बसेल तेव्हा शेजारी बसा, खोबरं काळपट होईस्तोवर भाजताना, दगडफूल तेलात टाकताना आपोआप निघतं की मिरची कोण आणायचं, कांडायला कोण यायचं, उधारी कोणाची बुडाली. तेव्हाच रेकॉर्डिंग चालू करा, पण तिला सांगून. बायकांनी किती कांडलं ते वहीत कुठेच नसतं हे लक्षात ठेवा.

वह्यांना लॅमिनेशन करू नका, फोटो काढा, सुती कापडात बांधून ठेवा. आणि पाटीवरचं साल कागदाशी जुळलं नाही तर काकांना दिवाळीनंतर सांगा, सीझनमधे नको.